बाबांचं प्रेशर

प्रेशर मोजायचा पट्टा चर्रकन सुटला की मला धरमपेठेतलं ते इस्पितळ आठवतं. बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. अशा वेळी प्रेशर झपाट्याने उतरवावं की बेताने, यावर तिथे संशोधन चालू होतं. बाबांच्या वाट्याला यातलं काय येईल ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार होता, आम्ही फक्त होकार द्यायचा. आईने तरुण डॉक्टरला विचारलं, "तुमचे बाबा असते तं काय केलं असतं, साहेब?" तो म्हणाला, "खरं सांगू काकू? मलेही माहीत नाही. तेच तं शोधून राहिलो." सर्वज्ञ डॉक्टरांची मी जन्मभर टिंगल केली होती. आता समोर प्रामाणिक माणूस उभा होता आणि मला छातीठोक खोटं बोलणारा हवा होता. मी होकार दिला. बाबा गेले, तरी तो खोटं बोलणारा मला अजून हवाच आहे.