डोकं पुढे

मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षी आमची बेअरर कंपनी बसऱ्याहून परत आली. बेअरर म्हणजे स्ट्रेचर उचलणारे. आमच्या हाती बंदूक नसे. गोळीबार थांबायची वाट न पाहता जखमी माणूस उचलून डॉक्टरपर्यंत न्यायचा, हे आमचं काम. मी हवालदार होतो. कंपनीतले वऱ्हाडातले आम्ही मोजके जण रजेवर घरी निघालो होतो, तोच नागपूरहून हुकूम आला. इन्फ्लुएन्झाची साथ पसरली आहे, मूर्तिजापूरला उतरा आणि डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली कामाला लागा.

लोक त्या तापाला मानमोडी म्हणत. मूर्तिजापूरला स्टेशनजवळ एक जिनिंग बंद होतं. कापसाच्या गोदामात खाटा टाकून दवाखाना केला होता. सकाळी उकळलेलं पाणी भरायचं, फिनाईलनं जमीन धुवायची, स्ट्रेचरचं कापड उन्हात टाकायचं, मग गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर आजारी आणायला जायचं. शिस्तीचं काम होतं. माणसं तयार होती. पण आजारी मिळत नव्हते.

पहिल्या आठवड्यात गोदामातल्या निम्म्याहून जास्त खाटा रिकाम्या राहिल्या. गावात मात्र रोज तिरड्या निघत होत्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, "लोक अडाणी आहेत, औषधाला भितात." मलाही तसंच वाटलं.

मग आम्ही माळ्यांच्या वस्तीवर गेलो. झेंडू, वांगी, मिरची पिकवणारी माणसं. तुळशीराम माळी याच्या घरात त्याची बायको सखू तापानं पडली होती. खोकल्यानं तिचा जीव घाबरा झाला होता. आम्ही तिला स्ट्रेचरवर घेतलं. मी हुकूम दिला, "लिफ्ट स्ट्रेचर. क्विक मार्च." पुढचे दोघे उंबऱ्यापाशी पोहोचले, तोच तुळशीराम कुदळीचा दांडा घेऊन दारात आडवा झाला.

"ठेवा खाली. मेली नाही ते अजून."

"दवाखान्यात नेतो, भाऊ," मी म्हणालो.

"पाय पुढं करून? जित्या माणसाले असं नेतेत का कुठं? आमाले कळत नाही का? तुमी जिता माणूस मसणात नेऊन राहिले!"

मागे उभ्या असलेल्या बाया रडायला लागल्या. सखूनं डोळे उघडून स्वतःच्या पायांकडे, मग दाराकडे पाहिलं आणि ती जोरजोरात हात हलवायला लागली.

तेव्हा उलगडा झाला. आमच्या ड्रिलमध्ये सपाटीवर आजारी माणूस पाय पुढे करूनच नेतात. मागच्या बेअररला त्याचं तोंड दिसत राहतं. श्वास अडकला, उलटी झाली, तर लगेच कळतं. बसऱ्याला या पद्धतीनं पुष्कळ जीव वाचले होते. इथे मात्र घरातून पाय पुढे करून फक्त प्रेत निघतं. आम्ही सगळे इथलेच. तरी दोन वर्षांच्या ड्रिलमध्ये ही गोष्ट आमच्या डोक्यातून गेली होती.

आमच्यात लान्स नायक दानियल होता. अंजनगाव सुर्जीकडचा. तो आणि मी ख्रिस्ती. बोलायला तो तिखट होता, पण कामाला कधी मागे नसे. त्यानं मला बाजूला घेतलं.

"हवालदारसाहेब, डोकं पुढं करू."

"मागच्याले तोंड दिसणार नाही. खोकल्यात गुदमरली तर?"

"मी बाजूनं चालतो. मी तोंडाकडं पाह्यतो."

"तोंडाजवळ वाकून चालावं लागंल, दानियल."

"मंग काय, तिले एकटी सोडू?"

मी परवानगी दिली. स्ट्रेचर फिरवलं. तुळशीरामनं दांडा खाली केला. दानियल पूर्ण रस्ता सखूच्या डोक्याशी वाकून चालला. तिला खोकला आला की मान कुशीवर करायची, तोंड पुसायचं. तोंडाला त्यानं फडकं बांधलं होतं. त्या फडक्यानं किती अडणार, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरसाहेब रागावले. "हे ड्रिल तुम्हाला कोणी शिकवलं?" मी कारण सांगितलं. त्यांनी सखूची नाडी पाहिली. मग म्हणाले, "चालू ठेवा." दुसऱ्या दिवसापासून लोक स्वतः दारं उघडायला लागले. खाटा भरल्या. सगळे बरे झाले नाहीत. पण पाणी, दूध आणि शेक मिळाल्यानं पुष्कळ वाचले. सखू वाचली.

तुळशीराम गोदामाबाहेर बसून असे. एकदा स्ट्रेचर धुताना दानियलला त्यानं विचारलं, "काहून रे, तुले भेव नाही लागत?"

"लागते ना. लय लागते."

"मंग काहून करतं?"

"आमच्यात शेवटच्या दिवशी कर्णा वाजला का मेलेला माणूस उठते म्हणतेत. म्या ते खरं धरलं. मंग जित्यालेच मेला काहून समजू?"

तुळशीराम हसला. "म्हंजे तू मेला का उठशीन?"

"उठीन. पण शिपाई आहो ना, बिगुल वाजल्याबिगर उठणार नाही."

पुढच्या आठवड्यात दानियलला ताप भरला. आमचे आणखी दोन बेअरर आजारी पडले होते. त्याला त्याच गोदामात, सखूच्या शेजारच्या ओळीत ठेवलं. मी त्याच्याजवळ बसून प्रार्थना म्हटली. मध्येच तो म्हणाला, "काल राहिलेली ती वस्तीवरची म्हातारी आणली का?" मी म्हणालो, "आणली." "डोकं पुढं?" "होय." त्यानं मान हलवली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

ख्रिस्ती कबरस्थान रुळांच्या पलीकडे होतं. पेटी उचलायला आमच्याकडे पुरेशी धड माणसं उरली नव्हती. बोलावलं नसताना तुळशीराम वस्तीवरचे तिघे घेऊन आला. आम्ही ख्रिस्ती होण्याआधी कोण होतो, ते त्यांना माहीत होतं. एरवी आमच्या हातचं पाणीही ते पीत नसत. त्यांनी पेटीला खांदा दिला.

"डोकं कोनीकडं हाये?" तुळशीरामनं विचारलं.

मी दाखवलं. "पाय पुढं करून न्या, भाऊ. तुमच्यात नेतात तसंच."

"नाही," तो म्हणाला. "त्यानं माझ्या घरच्या माणसाले तसं नेलं नाही." त्यानं पेटी फिरवून घेतली. वाटेत विसाव्यासाठी ती कुठे खाली ठेवली नाही. सखू काठी टेकत रेल्वेच्या फाटकापर्यंत आली आणि तिथेच बसली. तिच्या ओच्यात झेंडू होते.

साथ ओसरल्यावर आम्हाला कंपनीत परत बोलावलं. लढाईत पडलेल्यांच्या यादीत दानियलचं नाव नाही, कारण तो लढाईत पडला नाही. म्हणून मी ते इथे लिहून ठेवतो. लान्स नायक दानियल, बेअरर कंपनी, अंजनगाव सुर्जीकडचा, मूर्तिजापूरला आजारी उचलताना गेला.

त्याला पुरताना लष्करी मान देता आला नाही. आमच्या तुकडीत बिगुलवाला नव्हता. बिगुल वाजायचा अजून राहिला आहे.