पावलांनी मोजलेलं चॅपेल

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहारीनला सित्रामध्ये एका कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. एका गुरुवारी ऑफिस सुटायच्या बेतात असताना आमचे स्पॅनिश इंजिनियर पाब्लोसाहेब माझ्या टेबलाशी आले... हातात फोटोंचं पाकीट.

फोटो त्यांच्या लहानशा गावाचे होते. गावाबाहेर प्रत्येक वाटेवर एक जुनं चॅपेल, म्हणजे छोटंसं चर्च, आपल्याकडे वेशीवर मारुती असतो तसं. टेकडीवरच्या एकात पूर्वी कुणी साधू एकटाच राहायचा म्हणे. नेमकं त्याचंच छप्पर हिवाळ्यात कोसळलं होतं.

त्याची किल्ली दरवर्षी एका घराकडे असते. त्या वर्षी ती साहेबांच्या आईकडे होती आणि बाई हटून बसल्या होत्या... माझ्या पाळीत पडलं, ते उभं केल्याशिवाय किल्ली पुढच्या घरी देणार नाही. नगरपालिका दुरुस्तीला तयार होती, पण आधी नकाशा मागत होती. पाळी म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. म्हटलं, यल्ला... चला, काढू या.

बाईंनी स्वतः चालून मापं पाठवली होती. पस्तीस पावलं लांब, एकोणीस रुंद. आम्ही दोघे शहाणे, पाऊल अडीच फुटांचं धरलं... आणि कागदावर चॅपेल झालं आमच्या गोडाऊनएवढं! फोटोत तर ते वीस-पंचवीस माणसांत भरून जाईल असं दिसत होतं.

सुट्टीचे दोन शुक्रवार त्यात गेले. साहेब म्हणाले, आईचं वय झालंय, चुकली असेल. मला काही ते पटेना.

मग आठवलं, गावी मांडवाची जागा मोजताना आमचे काका टाचेला अंगठा भिडवत चालतात. मी म्हटलं, "साहेब, आई चुकल्या नाहीत. त्यांच्या पायाचं माप मागवा. आणि फॅक्स नको, त्यात माप आकसतं."

पोस्टाने कागद आला. त्यावर पेन्सिलीने गिरवलेलं एक पाऊल, तेवीस सेंटिमीटर. त्या मापाने भिंती फोटोशी बरोब्बर जुळल्या... मला इतका आनंद झाला की मी साहेबांना मिठीच मारली.

सप्टेंबरात नवा फोटो आला. छपरावर नवी कौलं, आणि दारात बाई शेजारणीच्या हातात किल्ली देताहेत.

त्या संध्याकाळी मी गावी फोन लावला. देवळातली आमच्या घराची पाळी इतकी वर्षं धाकटा भाऊ एकटाच सांभाळत होता. त्याला म्हटलं, यंदा मी येतो... आणि खरंच गेलो.