उलट्या चपलांचे सर

गुरुनाथ सर वर्गात शिरायचे ते उजव्या पायात डावी आणि डाव्या पायात उजवी चप्पल घालून. फेंगडत फळ्यापर्यंत जायचे आणि विचारायचे, "दोन्ही चपला एकाच चामड्याच्या, एकाच मापाच्या. मग मी असा का चालतोय?" मुलं फिदीफिदी हसायची. मालवणच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ते रसायन. काही पदार्थांच्या दोन रचना आरशातल्यासारख्या एकमेकींच्या उलट्या असतात आणि शरीर त्यातली एकच ओळखतं, एवढंच त्यांना सांगायचं असे. गावाने ठरवलं, मास्तर वेंधळा आहे.

त्यांची विधवा बहीण आक्का त्यांच्याकडेच राहायची. पोटाच्या दुखण्यावर वैद्यांनी तिला आंबट बंद केलं. कोकमाची सोलं नाहीत, लिंबू नाही, महिनोन् महिने नुसती पेज. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर निळे डाग उठले. क जीवनसत्त्व कमी पडतंय हे सरांनी ओळखलं, पण आक्का वैद्यांचा शब्द मोडेना. त्यात सरांचा पुतण्या दत्ता, तो कामाला होता त्या आमरसाच्या कारखान्यातून पावडर घेऊन आला. डब्यातला रस काळा पडू नये म्हणून ती घालत.

"काका, क जीवनसत्त्वच ह्या. सूत्र तेच!"

"सूत्र तेच रे मेल्या, पण एका जागेर रचना उलटी! डब्यातलो रस राखात ती. आक्काच्या पेशी तिका दारात उभी करूच्यो नाय!"

"सूत्र एक तर पदार्थ एक, ह्या तुमीच माका शिकवलास."

शिकवलं होतं खरं, आठवीत. उलट्या रचनेचा भाग अकरावीत यायचा, आणि दत्ताने शाळा त्याआधीच सोडलेली. सरांनी कपाळावर हात मारला.

पावडर औषधात जमा, म्हणून आक्काने ती सुरू केली. रक्त काही थांबेना. शेवटी एक दिवस माझ्यासमोरच सरांनी आक्काच्या उजव्या पायात तिची डावी वहाण चढवली.

"चल बघूया."

"चावता रे!"

"मगे? ती पावडर तुझ्या अंगाक अशीच बसणा नाय."

आक्काने वहाण काढून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "लिंबू दी. पण खंय बोलू नको, वैद्यांक कळाक नको. माझी शपथ आसा तुका."

परसातल्या लिंबांनी आक्का उठून बसली आणि बोलबाला झाला दत्ताच्या पावडरीचा! लोक पुड्या मागायला कारखान्यावर जाऊ लागले. सर शपथेत अडकलेले, त्यांनी मलाही गप्प बसवलं. "खरा माहीत आसा आणि तोंड शिवलेला," म्हणून चरफडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलट्या चपला घालून वर्गावर जायचे. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही.

निवृत्तीच्या आधीच सर गेले. तेराव्याला जेवणं उरकून माणसं पडवीत बसली होती आणि दत्ता पावडरीचीच गोष्ट रंगवत होता. आक्का आतून तरातरा आली.

"मी लिंबा खाल्लंय, लिंबा! गुरू खरा सांगत होतो!"

दत्ता माझ्या कानाशी लागला, "आक्काचा वय झाला, काय पण बोलता."

"अरे, मी होतो तिथे! मी पाहिलंय!" मी ओरडलो.

दत्ताने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी बसा हो. तुमी मराठीचे मास्तर."