जावयाची भाकरी

नव्वदीच्या दशकात मी नगर जिल्ह्यात ज्वारीच्या डझनभर वाणांवर प्रबंध करत होते. काढणी झाली आणि आकड्यांनी माझी चेष्टा मांडली. एकाच वाण पेरलेल्या जमिनीच्या दोन तुकड्यांतल्या उत्पन्नाचा फरक दोन वाणांतल्या फरकाहून मोठा. संख्याशास्त्राच्या हिशोबाने निर्वाळा दिला: कोण पहिला, कोण शेवटचा, हा निव्वळ योगायोगही असू शकतो.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "भाकरीच्या चवीत तरी फरक दाखव. नाहीतर विषय बदल." म्हणजे माझी दोन वर्षं पाण्यात.

मग पाथर्डीकडच्या एका गावात बायकांना एकेक करून ओट्यावर बसवलं. प्रत्येक वाणाच्या भाकरीचा तुकडा चाखायचा आणि आवडीने नंबर लावायचे. संख्याशास्त्रातल्या क्रमांकांच्या कसोटीला कोण पुढे, कोण मागे, एवढंच पुरतं.

"समद्या चांगल्या हायेत, ताई," पहिल्या मावशी म्हणाल्या.

"एकीला तरी शेवटचा नंबर द्या."

"अन्नाला नावं ठिवू न्हाई."

दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. सगळ्याच पहिल्या म्हटल्यावर कसोटी काय कपाळ करणार? मी जाम चिडले होते. वैतागून पहिल्या मावशींना परत बोलावलं.

"बरं, जावई जेवायला आला तर यातली कोणती वाढाल?"

मावशींनी लगेच तुकडा उचलला. "ही. मऊ हाय, गोड हाय."

"ती संपली. मग?"

"मग ही व्याह्याला." पुढे लेक, नातवंडं, धनी, शेजारीपाजारी. कुणाला नावं न ठेवता नंबर लागत गेले. एक जाडाभरडा तुकडा उरला.

"आणि ही?"

"ही आमी खाऊ की."

बाकीच्यांनाही मग तसंच विचारलं. शेवटच्या तुकड्याला प्रत्येकीचं उत्तर तेच आलं. मी तो शेवटचा नंबर लिहीत होते आणि मला फार वाईट वाटत होतं.

कसोटीत मात्र फरक लख्ख दिसला. बहुतेकींच्या जावयाची भाकरी एकाच वाणाची निघाली होती, आणि एवढा मेळ योगायोगाने बसत नाही. प्रबंध पास झाला.

पुढच्या पेरणीला त्याच वाणाचं बी घेऊन मी गावात गेले. उत्पन्नात फरक दिसला नव्हताच, मग पेरायला काय हरकत होती? मावशींनी सगळ्या रानात तेच पेरलं.

सुगीनंतर त्यांनी मला जेवायला बोलावलं. मला वाढली, घरच्यांना वाढली, आणि टोपलीतली शेवटची भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. मी हात पुढे करून तिचा तुकडा मोडला. मऊ होता, गोड होता.