सईच्या नावाने

उल्हासरावांचं पोटच दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर. पुण्याहून अमेरिकेतल्या कॅरीला येऊन अठरा वर्षं झाली, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असा लौकिक. घरात मात्र त्यांना कुणी तपासलेलं चालत नसे.

लेक सई सोळा वर्षांची, सॉकर खेळायची आणि खरोखर छान खेळायची. कॉलेजच्या टीममध्ये जागा हवी तर खेळाडूने स्वतः कोचना ईमेल करायचे, आईबापांनी मध्ये पडायचं नाही, असं क्लबच्या मीटिंगमध्ये बजावून सांगितलं होतं. उल्हासरावांनी मान डोलावली. पण त्यांच्या अकरावीचा फॉर्म त्यांच्या वडिलांनी, जगन्नाथरावांनी भरला होता, वर पोराची सहीही स्वतःच ठोकून दिली होती. महत्त्वाचं लिहिणं बापाने करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी सईच्या नावाने ईमेल अकाउंट उघडलं आणि "मी सई" म्हणत एक्केचाळीस कोचना लिहिलं. सईलाही ते बरंच वाटलं, तेवढीच कटकट वाचली.

मेमध्ये तिचा गुडघा पिरगळला. ऑगस्टपर्यंत जपून, सलग दोन मॅच अजिबात नाही, असं फिजिओने सांगितलं. नेमकं तेव्हाच व्हर्जिनियातल्या एका कॉलेजच्या कोचने जुलैच्या कॅम्पला बोलावलं आणि काही इंज्युरी आहे का, असं विचारलं.

"बाबा, त्यांना माझ्या 'नी'चं नक्की सांग, ओके?" सई म्हणाली.

"सांगतो गं."

खरं लिहिलं तर बोलावणं जाईल, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी लिहिलं, "मी पूर्ण फिट आहे." सईला म्हणाले, "कळवलं." मन खात राहिलं, पण ते नवीन नव्हतं.

कॅम्पला पहिली मॅच संपली तेव्हा सई किंचित लंगडत होती. ती निर्धास्तपणे कोचकडे गेली. उल्हासराव जाळीपलीकडे दहा पावलांवर उभे होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"कोच, पुढची मॅच मी बाहेर बसू का? माझा नी..."

"तू तर पूर्ण फिट असल्याचं लिहिलं होतंस," कोच शांतपणे म्हणाला.

सईने वळून जाळीकडे पाहिलं. उल्हासरावांनी एक शब्द बोलायचा होता. त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"येस, कोच," सई म्हणाली. "आय ॲम फाइन."

ती उरलेल्या दोन्ही मॅच खेळली. एक गोलही केला. उल्हासरावांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना ती गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. गुडघा टरारून सुजला होता, वर बर्फाची पिशवी. इतक्यात उल्हासरावांच्या फोनवर कोचचा ईमेल आला. सईने हात पुढे करून फोन घेतला आणि तो मोठ्याने वाचून दाखवला. कोच तिच्यावर खूश होता. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं होतं, या वेळी चार मॅच.

"बघ," उल्हासराव म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

सई अंगठ्याने जुने ईमेल वर सरकवत राहिली. मग तिने विचारलं,

"बाबा, मी अजून काय काय लिहिलंय?"