डिझेलचा भक्त

शिंदखेड्याच्या स्टँडमागे तो डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. डिझेल चांगलं की भेसळीचं, हे बोट बुडवून, चाटून सांगायचा आणि त्यावर चहा प्यायचा. मी पंचायत समितीत गोबरगॅसचा प्रचारक. घरातला पहिलाच पदवीधर, त्यामुळे सरकारी योजनेवर माझी देवासारखी श्रद्धा. मला पाहिलं की तो ओरडायचा, "साहेब, आपला समुद्रमा तेल शे. तुमना शेणमा काय शे?" गिऱ्हाइकं खो खो हसायची.

आखाती युद्धाच्या हिवाळ्यात डिझेल मिळेनासं झालं. मळ्यात राहणाऱ्या एका अक्कांची मिरची ऐन फुलात सुकू लागली. त्यांच्याकडे मीच बसवलेला गोबरगॅस होता. प्रचाराच्या फेरीत तिथे पोचलो, तर हा विहिरीवरच्या इंजिनापाशी उकिडवा बसलेला. त्याने गॅसची नळी सायकलच्या ट्यूबने इंजिनाच्या हवेच्या तोंडाला बांधली, उरल्यासुरल्या डिझेलवर इंजिन चालू केलं आणि डिझेल हळूहळू कमी करत नेलं. इंजिन बंद पडलं नाही. पाटात पाणी आलं.

"म्हणजे शेणात आहे काहीतरी!" मी म्हणालो.

"चालू कशावर व्हयनं?" तो गुरकावला. "डिझेलवर!"

"गॅस बठ्ठा इंजिननी खादा," शेगडी पेटेना म्हणून घरातून आलेल्या अक्का कडाडल्या. "मंग भाकरी काय तुना डोकावर थापू?"

त्याने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "साहेबनी पत्रकं शेतस ना. चूल पेटाडा."

पत्रकांवर ठळक छापलं होतं : धूरमुक्त स्वयंपाकघर. मी अख्खा गठ्ठा काढून अक्कांच्या हातात दिला.