चार मतं आणि चार एकर

“तेवीस! तेवीस बाया! एकूनएक मले हाव म्हनल्या होत्या! तोंडावर हाव म्हनल्या!”

मामा चौकातल्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. आवाज असा की तलावावरचे बगळे उठले ते थेट कोंढा गावात जाऊन बसले, आणि आसगावात एका म्हशीनं त्या दिवशी दूधच दिलं नाही. म्हशीची गोष्ट मला खुद्द म्हशीच्या मालकानं सांगितली आहे, तेव्हा खोटी असायचा प्रश्नच नाही.

आदल्या दिवशी मामा सरपंचपदाला चार मतांनी पडला होता. चाळीस मतांनी पडलेला माणूस दोन दिवस तोंड लपवतो आणि तिसऱ्या दिवशी चहाला येतो. चार मतांनी पडलेल्याचं तसं नसतं. तो समोर येईल त्याच्या थोबाडाकडे बघून मोजत बसतो. मामाची मोजणी सगळं गाव फिरून धान कापणाऱ्या बायांच्या टोळीवर येऊन थांबली. प्रचाराचे पंधरा दिवस त्या ‘ताई’ होत्या. निकाल लागला तशा ‘तुमी बाया’ झाल्या.

त्या बिचाऱ्या विळे घेऊन कामावरच निघाल्या होत्या.

“आजपासून माह्या बांधीत एकीनंबी पाय ठेवाचा नाही! सांगून ठेवतो!”

टोळीची म्होरकी साठीच्या पुढची, विळ्यासारखीच वाकलेली आणि तितकीच धारेची. तिनं तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात नेला. “बरं,” म्हणाली. टोळी मामाच्या शेताकडे वळायची ती दुसरीकडे वळली.

घोळ असा होता की मामाचं चार एकर धान याच बायांनी मतदानाच्या आधी कापून ठेवलं होतं. आमच्याकडे कापलेलं धान लगेच उचलत नाहीत. त्याच्या कडपा, म्हणजे कापलेल्या मुठी, बांधीतच, म्हणजे शेतातच पसरून वाळू देतात, मग भारे बांधून त्यांची गंजी, म्हणजे पुंजणं रचतात. पुंजण्यात गेलेलं धान वाचलं. कडपा उघड्यावर असताना पाऊस आला की दाण्याला जागेवरच कोंब फुटतात. म्हणजे वर्षाचं अन्न आभाळाखाली आडवं पडलेलं, आणि ते उचलणारे शेहेचाळीस हात मामानं पायरीवर चढून हाकललेले. पण त्या सकाळी ऊन कडक होतं, आणि मामाला धानापेक्षा गद्दार महत्त्वाचे होते.

गद्दार शोधायचं काम माझ्याकडे आलं. माझं नाव दुसऱ्या गावच्या यादीत, म्हणून अख्ख्या गावात संशय नसलेला माणूस मी एकटाच. मामीचं नाव गावच्याच यादीत होतं, पण तिला विचारायची मामाची छाती झाली नाही.

मी चहाच्या टपरीवर बसलो. प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगे, “मी तं तुह्या मामालेच देलं!” न्हाव्यानं दिलं, गुरुजींनी दिलं, निवडून आलेल्या सरपंचाच्या सख्ख्या साळ्यानंही दिलं. संध्याकाळी बेरीज केली तर मामाला गावच्या लोकसंख्येपेक्षा दोनशे मतं जास्त पडली होती.

त्याच संध्याकाळी विजयी मिरवणूक दारात आली. डीजे असा की फडताळातल्या वाट्या नाचत नाचत मोरीपर्यंत गेल्या. ऐन आमच्या दारापुढे त्यांचा गुलाल संपला. मामानं स्वतःच्या मिरवणुकीसाठी आणलेलं पोतं ओसरीत तसंच होतं. मामीनं ते फरफटत नेऊन त्यांच्या स्वाधीन केलं.

“अवो, हे का करून राहिली तू?” मामा किंचाळला.

“मंग ठेवून का करू? मुंग्याबी खात नाही त्याले.”

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. साधं भरून आलं नाही, एखाद्या पाहुण्यासारखं पिशवी टेकवून बसलं. मामाचा राग दहा मिनिटांत उतरला. मजुरांसाठी त्यानं सानगडीपर्यंत फोन लावले. सगळी गावं आपापल्या कडपा उचलण्यात बुडालेली. एक जण तर फोनवरच म्हणाला, “तुमीच का ते पाय ठेवू नोका म्हननारे?”

शेवटी मामा, मामी आणि मी, असे तिघं बांधीत उतरलो. मी बांधलेला भारा उचलला की हातात नुसती दोरी यायची. मामाची कंबर चौथ्या भाऱ्याला धरली, आणि तो तिथंच वाकलेला राहिला. त्याच अवस्थेत त्याला धुऱ्यापलीकडे, शेजारच्या शेतात, तेवीस जणी दिसल्या. नव्या सरपंचाचं शेवटचं पुंजणं रचून होत होतं.

मामा तसाच वाकत वाकत धुऱ्यापर्यंत गेला. त्यामुळे नमस्कार आपोआपच झाला.

“ताई, पानी येऊन राहिलं.”

“दिसते.”

“माह्या कडपा...”

“तुमीच म्हनलं ना भाऊ, पाय ठेवाचा नाही. आमी आपलं आयकलं.”

“रागात बोललो, ताई. वापस घेतो.”

“इथं वापस घेऊन का फायदा? म्हनलं चौकात,” म्होरकी म्हणाली. “जिथं म्हनलं तिथंच वापस घ्या. आन आवाज तेवढाच पायजे. आमी इथूनच आयकतो.”

मागं बावीस पदर तोंडावर गेले. मामानं आधी आभाळाकडे पाहिलं, मग मामीकडे. दोन्हीकडून सूट नव्हती. मी त्याला मोटरसायकलवर मागं बसवून चौकात नेलं. कंबर धरून तो पायरी चढला आणि ओरडला, “माह्या बांधीत यावं! सगळ्या तायांनी यावं! चुकलो मी!” पहिल्या दिवशी उडालेले बगळे नुकतेच परत आले होते, ते पुन्हा उठले. टपरीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या मामाला प्रचारात मिळाल्या असत्या तर एकही मत कमी पडलं नसतं.

आम्ही परतलो तर टोळी धुरा ओलांडून आलेली. त्या बाया भारे बांधत नव्हत्या, जमीन गुंडाळत होत्या. एक वाकली की चार भारे उभे. मामा ओरडायचं विसरून नुसता दोऱ्या पुरवत होता. शेवटच्या पुंजण्यावर ताडपत्री ओढली आणि टपोरे थेंब तिच्यावर वाजायला लागले. कोंब फुटायला एक दाणा उरला नाही.

सगळ्या जणी पदर डोक्यावर घेऊन निघाल्या. मामा म्होरकीच्या बाजूनं चालू लागला आणि अगदी हळू आवाजात बोलला. मी त्याचा इतका हळू आवाज जन्मात ऐकला नव्हता.

“ताई, राग नाही, काही नाही. आता तरी सांगा. मत कोनाले देलं?”

तिनं मागं वळून पुंजण्याकडे पाहिलं.

“बुडाभोवती नाली काढा, भाऊ. पानी जमते तिथं.”